वीज कोठे जाते आणि का जाते?

(मंडळाच्या चिंचवड येथील वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वधूवरसूचक मंडळ, विद्यार्थिनिधी आणि गुणवंतांचा गौरव या आपल्या नित्याच्या विषयांच्या पंक्तीस विजेचा विषय बसविणे काहींस विचित्र वाटेल. परंतु आपली कुटुंबे आज कोठे कोठे वसली आहेत हे पाहिले, म्हणजे या विषयाची निकड ध्यानी येते. कोणी चिंचवडगावात मोरया गोसावींच्या समाधिमंदिरानजीक राहतो, कोणी निगडीच्या प्राधिकरणात, कोणी चिखली-तळवड्याच्या गुंठ्यावर, तर कोणी अद्यापि मावळ-खेडच्या मूळ गावी. परीक्षेच्या एकाच रात्री एका घरची मुलगी दिव्याखाली वाचीत असते आणि तिच्याच चुलत बहिणीस मेणबत्ती शोधावी लागते. हा भेद दैवाने केलेला नाही. त्याची कारणे आहेत, आणि ती समजून घेणे आपल्या हिताचे आहे.

प्रथम विजेचा मार्ग पाहू. दूरच्या केंद्रात निर्माण झालेली वीज चार लक्ष किंवा दोन लक्ष वीस हजार व्होल्टच्या दाबाने मोठ्या मनोऱ्यांवरून येते. उपकेंद्रात तिचा दाब टप्प्याटप्प्याने उतरवून ती बावीस किंवा अकरा हजार व्होल्टच्या वाहिनीत, ज्यास आपण ‘फीडर’ म्हणतो, सोडली जाते. आणि गल्लीतील रोहित्रातून ती २३० व्होल्टच्या दाबाने आपल्या घरी पोहोचते. मोठ्या मार्गावर दोष झाला तर अंधार सर्वांस सारखाच होतो. ९ फेब्रुवारी २०२२ रोजी पहाटे दाट धुके व दव यांमुळे अतिउच्चदाब वाहिन्या बंद पडल्या, तेव्हा पुणे, पिंपरी-चिंचवड, चाकण व लोणावळा हे सर्वच एकदम अंधारले. परंतु असे प्रसंग विरळा. नित्याची खंडिते होतात ती बहुधा शेवटच्या टप्प्यात, म्हणजे फीडर, रोहित्र आणि खांबावरची तार यांत. म्हणूनच दोन गावांत, किंबहुना दोन आळ्यांत, एवढा भेद पडतो.

या भेदाचे पहिले कारण वाहिनीची लांबी व रचना. दाट वस्तीत वाहिनी आखूड असते आणि तिला दुसऱ्या बाजूनेही वीज देण्याची सोय बहुधा करता येते; एक बाजू तुटली तर दुसरीकडून पुरवठा चालू करतात. खेड्यातील वाहिनी झाडाच्या फांदीसारखी एकाच दिशेने मैलोगणती जाते. वाटेत एके ठिकाणी तुटली की पुढची सारी गावे अंधारात, आणि दोष शोधावयास कर्मचाऱ्यास रात्री पावसात बांधाबांधाने चालावे लागते.

दुसरे कारण हवामान. लोणावळ्याकडील मावळात पावसाचा जो मारा होतो, त्यात उघड्या तारांवर झाड पडणे व विद्युत्रोधक फुटणे ही दर वर्षाची गोष्ट. हे आपल्याच देशाचे दुर्दैव आहे असे मात्र समजू नये. अमेरिकेतील मेन हे दाट अरण्याचे राज्यही वीज वारंवार जाण्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि कारण तेच : वृक्ष, वादळ आणि उघड्या तारा. याउलट जर्मनीत स्थानिक वाहिन्या बहुतांशी जमिनीखाली आहेत व तेथे सरासरी घर वर्षाकाठी दहा-पंधरा मिनिटेच विजेवाचून राहते. आपल्या शहरातही भूमिगत वाहिन्या आहेत. परंतु रस्ता खोदणाऱ्याच्या कुदळीस त्या दिसत नाहीत, आणि तुटलेली भूमिगत वाहिनी शोधून जोडणे हे उघड्या तारेपेक्षा अधिक वेळाचे काम असते.

तिसरे कारण वाढीचा वेग. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि शेते गेली, वसाहती आल्या. २००१ साली या महानगराची वस्ती सुमारे १० लक्ष होती. २०११ च्या जनगणनेत ती १७ लक्ष २७ हजारांवर गेली. जेथे आराखडा आधी व घरे मागाहून झाली, तेथे रोहित्रास जागा राखलेली होती. जेथे गुंठ्यागुंठ्याने घरे आधी उठली, तेथे रोहित्र ठेवावयास हातभर जागा कोणी सोडली नाही. मग एकाच रोहित्रावर दुप्पट घरांचा भार पडतो, आणि उन्हाळ्यात पंखे व वातानुकूलन यंत्रे एकदम चालू झाली की ते जळते.

आता चौथे कारण. आणि ते निसर्गाचे नसून निर्णयाचे आहे. वीज अपुरी पडते तेव्हा ती कोणाची तोडावयाची, हे कोणीतरी ठरवीत असते. या प्रश्नाचा इतिहास आपल्या मावळ-मुळशीइतका दुसऱ्या कोणास ठाऊक नसेल. मावळातील तलावांच्या पाण्यावर १९१५ साली खोपोलीचे वीजकेंद्र सुरू झाले. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ पासून सेनापती बापटांनी सत्याग्रह चालविला, तरी १९२७ साली भिऱ्याचे केंद्र उभे राहिलेच. जमीन येथली बुडाली, वीज मुंबईच्या गिरण्यांस गेली, आणि जलाशयांच्या काठच्या कित्येक वाड्यांस दिवा पुढे अनेक दशकांनी दिसला.

या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रात विजेचा मोठा तुटवडा पडला. २००६ साली पुणे व पिंपरी-चिंचवड यांनी एक तोड काढली : कारखान्यांनी तुटवड्याच्या वेळी स्वतःची जनित्रे चालवावी, त्यांनी सोडलेली वीज शहरास मिळावी, आणि जादा खर्च शहरातील ग्राहकांनी सोसावा. वीज नियामक आयोगाने त्यास मान्यता दिली व शहर भारनियमनातून सुटले. योजना चतुर होती यात शंका नाही. परंतु त्याच काळी आपल्या गावाकडील बांधव तासन्‌तास अंधारात होते, हेही विसरता येत नाही. पुढे ज्या भागात वीजगळती व थकबाकी अधिक, त्या भागात भारनियमन अधिक, असे सूत्र ठरले. २०१२ साली राज्याचा बराच भाग भारनियमनमुक्त झाला तेव्हाही अधिक गळतीच्या वाहिन्या वगळल्या गेल्या. चोरीस आळा बसावा हा हेतू योग्य. पण आकडा टाकणारा एक आणि शिक्षा साऱ्या फीडरला, हा न्याय नियमाने बिल भरणाऱ्या विधवेस आम्ही कोणत्या तोंडाने समजावून सांगावा?

मग आपण काय करावे? आमच्या मते चार गोष्टी आपल्या हाती आहेत. पहिली, घरात नवे यंत्र आणले की मंजूर भार वाढवून घ्यावा. कागदावर भार दिसल्यावाचून मोठ्या रोहित्राची मागणी उभी राहत नाही. दुसरी, आकडा टाकणारा आपला नातलग असला तरी त्यास पाठीशी घालू नये. तिसरी, नियोजित बंद आणि बिघाड यांत विवेक करावा. आपल्या औद्योगिक पट्ट्यात कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते व देखभालीसाठी वीज बहुधा त्याच दिवशी बंद ठेवतात. तो बंद पुढील बिघाड टाळण्यासाठी असतो. त्यावर संतापण्यात अर्थ नाही. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, प्रत्येक घराने एक वही ठेवावी : वीज कधी गेली, कधी आली, तक्रार केव्हा नोंदविली. वीज नियामक आयोगाच्या कृती-मानकांनुसार ठरलेल्या मुदतीत पुरवठा सुरू न झाल्यास ग्राहकास भरपाई मागता येते, आणि दाद न मिळाल्यास ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. मात्र ती मुदत शहरास थोडी व खेड्यास अधिक आहे, म्हणजे विषमता नियमातच लिहिलेली आहे. ती बदलावयाची तर आयोगाच्या जनसुनावणीत आपल्या वह्या पुराव्यादाखल मांडाव्या लागतील.

एकट्याची तक्रार कुरकूर ठरते. शंभर घरांच्या नोंदी एकत्र आल्या की तो पुरावा होतो. आपल्या मंडळाने आजवर शिष्यवृत्त्या दिल्या, वसतिगृहाचा विचार केला. त्याच विद्यार्थ्याच्या मेजावरचा दिवा चालू राहावा, मग ते मेज प्राधिकरणातील असो वा भामा-इंद्रायणीकाठच्या खेड्यातील, हेही मंडळाचेच कार्य आहे असे आम्ही मानतो. पुढील वर्षीच्या मेळाव्यास येताना प्रत्येक कुटुंबाने ती वही बरोबर आणावी, एवढी विनंती आहे.