स्वाक्षरीचे मोल

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



विषयाचे नाव ऐकून काही मंडळींच्या चेहऱ्यांवर स्मित उमटलेले आम्ही पाहिले. स्वाक्षऱ्या गोळा करणे हा शाळकरी मुलांचा नाद, असा आपल्याकडे समज आहे. परंतु ज्या जबलपुराने रूपसिंगांना जन्म दिला, तेथे हॉकीपटूंच्या स्वाक्षऱ्यांविषयी बोलावयाचे नाही, तर कोठे बोलावयाचे?

रूपसिंग हे ध्यानचंदांचे धाकटे बंधू. १९३२ साली लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेवर २४ विरुद्ध १ असा विजय मिळविला, त्यात दहा गोल रूपसिंगांचे आणि आठ ध्यानचंदांचे. उरला तो अमेरिकेचा एकुलता एक गोल. त्याची कथा अशी सांगतात की, आपले गोलरक्षक रिचर्ड ॲलन त्या वेळी जागा सोडून प्रेक्षकांच्या वह्यांवर स्वाक्षऱ्या करीत होते! कथेला थोडेफार तिखटमीठ लागलेले असणारच. पण ती खरी असेल, तर त्या दिवशीच्या ॲलनच्या स्वाक्षरीची किंमत अख्ख्या एका गोलाइतकी आहे. इतकी महाग स्वाक्षरी हॉकीच्या इतिहासात दुसरी नसावी.

रूपसिंग पुढे ग्वाल्हेरीस स्थायिक झाले आणि १९७७ साली निवर्तले. तेथील मैदानाला त्यांचे नाव आहे. २०१० साली सचिन तेंडुलकरांनी एकदिवसीय सामन्यातले द्विशतक त्याच मैदानावर झळकावले, तेव्हा ते नाव घरोघर पोचले. हे कॅप्टन रूपसिंग कोण, असे विचारणारे मात्र थोडेच निघाले.

आता मोल कशावर ठरते ते पाहू. नाव मोठे असले म्हणजे स्वाक्षरी मोलाची, हा पहिला भ्रम. मोठ्या माणसाने हजारो स्वाक्षऱ्या केलेल्या असतात. कोऱ्या चिठोऱ्यावरच्या सहीपेक्षा सामन्याच्या कार्यक्रमपत्रिकेवर किंवा संघाच्या छायाचित्रावर, तारीख घालून केलेली सही अधिक बोलते. ती कोणी, कोठे, कोणत्या प्रसंगी घेतली हे पाठीमागे पेन्सिलीने हलकेच लिहून ठेवलेले असेल, तर सोन्याहून पिवळे.

दुसरा प्रश्न खरेखोटेपणाचा. येथे शाई साक्ष देते. ध्यानचंद १९७९ च्या डिसेंबरात गेले. जेल पेन जगात आले ते त्यानंतर, १९८४ च्या सुमारास. तेव्हा जेलच्या झुळझुळीत शाईतली ध्यानचंदांची स्वाक्षरी कोणी दाखविली, तर नमस्कार करून उठावे. उलट, १९३६ च्या बर्लिनच्या छायाचित्रावर बॉलपेनाने सही असली म्हणून ती खोटी ठरत नाही. ती पुढे कित्येक वर्षांनी केलेली आहे, एवढाच त्याचा अर्थ. आणि छापील सहीला भुलू नये. भिंगाखाली खऱ्या सहीत हाताचा दाब कमीजास्त झालेला दिसतो, रेघ रेघेवरून गेलेली दिसते. छापील सही सर्वत्र एकसारखी निर्जीव असते.

जाता जाता एक विनंती. जुनी स्वाक्षरी प्लॅस्टिकमध्ये डकवून घेऊ नका. बाजारात कोपऱ्याकोपऱ्यावर लॅमिनेशनची यंत्रे आहेत, आणि कौतुकापोटी आपण कागद त्यांत घालतो. तो पुन्हा मोकळा होत नाही, उष्णतेने शाईही बिघडते. साध्या कोऱ्या कागदाच्या पाकिटात, उन्हापासून दूर ठेवावा, एवढे पुरे.

पैशांविषयी बोलणे अप्रशस्त वाटते, पण टाळूही नये. गांधीजी स्वाक्षरीचे पाच रुपये घेत आणि ते हरिजन निधीत जमा करीत. १९३३ च्या हरिजन-दौऱ्यात ते या आपल्या जबलपुरासही आले होते. कॅनडात बर्फावरच्या हॉकीचे निवृत्त खेळाडू मेळाव्यांत बसून, ठरलेला मोबदला घेऊन स्वाक्षऱ्या देतात. तिकडे राहणारी आपली मुले हे सांगतात तेव्हा येथली वडीलधारी मंडळी नाक मुरडतात. आम्हांस त्यात काही गैर वाटत नाही. ज्याच्या हाताला किंमत आहे, त्याच्या हाती काही पडावे, हे उत्तमच.

कारण आपल्याकडे काय झाले? महूचे शंकर लक्ष्मण घ्या. मराठा लाइट इन्फन्ट्रीचा हा जवान १९५६, १९६० आणि १९६४ या तीन ऑलिंपिकांत भारताचा गोलरक्षक होता: दोन सुवर्णपदके, एक रौप्य. टोकियोच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानचे हल्ले परतवून १ विरुद्ध ० असा निसटता विजय टिकविला तो यांनी. पद्मश्री मिळाली, अर्जुन पुरस्कार मिळाला. सैन्यातून कॅप्टन म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी महूतच एक लहानसे दुकान चालविले. २००६ साली पायाच्या गँगरीनने, हलाखीत, त्यांचा अंत झाला. महू आपल्याच प्रांतातले गाव. त्यांच्याकडे वही घेऊन जाणे म्हणजे एका संध्याकाळीची विचारपूस झाली असती; आम्ही स्वाक्षरीला महत्त्व देतो ते या भेटीसाठी. निवृत्त खेळाडूच्या दारात कोणी वही घेऊन उभे राहिले, म्हणजे त्याचा खेळ कोणाच्या तरी स्मरणात आहे, हे त्याला कळते.

आपल्यातली कितीतरी कुटुंबे कारखान्यांच्या बदल्यांमुळे खडकीहून खमरियास आली. धनराज पिल्ले यांचे बालपण खडकीच्या तशाच वसाहतीत गेले, त्यांचे वडील मैदानाची देखभाल करीत. तेव्हा आपल्या ट्रंकांत काय काय दडलेले असेल, याचा आम्हांस दाट संशय आहे. घर बदलताना, मुलांकडे कायमचे राहावयास जाताना, या वह्या रद्दीत जातात.

म्हणून पुढील रविवारी सायंकाळी मंडळाच्या वाचनालयात आपापल्या वह्या घेऊन यावे. वही ज्याची त्याच्याकडेच राहील. आम्ही फक्त नोंद करू: स्वाक्षरी कोणाची, कोणी घेतली, कोठे, केव्हा. आणि हे ज्या घरी केवळ आजोबांनाच ठाऊक असेल, त्यांनी आजोबांनाही सोबत आणावे. रिक्षाची व्यवस्था मंडळ करील.