अंगठा देण्याआधी विचारा

(आरेतील एका पाड्यावर झालेल्या महिला बैठकीत एका कार्यकर्तीने केलेले भाषण. बोलले तसेच, थोडे आटोपते करून देत आहोत.)



जमिनीच्या कागदावर न वाचता अंगठा दिला की काय होतं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. आपल्या आज्यांनी ते भोगलंय. आज मी दुसऱ्या एका कागदाबद्दल बोलते. तपासणीला येणारे लोक पुढे करतात तो कागद.

आमच्या पाड्यावर एकदा अशी टीम आली. वजन केलं, रक्त घेतलं, पाळी-बाळंतपणाचं विचारलं, अंगठे घेतले. आम्हाला वाटलं, दवाखानाच दारात आला. मागाहून कळलं, तो अभ्यास होता. रक्तात काय निघालं, ते सांगायला आजवर कोणी फिरकलं नाही.

२००९ साली आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात १० ते १४ वयाच्या हजारो मुलींना गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरविरुद्धची लस दिली. तोही अभ्यासच. कितीतरी मुली आदिवासी वसतिगृहातल्या. एप्रिल २०१० मध्ये तो थांबवावा लागला. चौकशीत ९,५४३ फॉर्म पाहिले, तर १,९४८ वर नुसते अंगठे आणि २,७६३ वर वॉर्डनच्या सह्या! पोर आपली, सही वॉर्डनची. लस वाईट असं मी म्हणत नाही, ती कामाची आहे. पण आईबापाला विचारायला नको?

मग दार लावून घ्यायचं का? तसंही नाही. आपल्याच मुंबईत टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायांचा अभ्यास केला. आरोग्य सेविकांना शिकवून साध्या व्हिनेगरने तपासणी केली. २०१३ मध्ये निकाल आला: तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. बाया पुढे आल्या म्हणून हे कळलं. पण निम्म्या बायांना फक्त माहिती दिली, तपासणी नाही. त्यावर पुढे मोठा वाद झाला. म्हणून आपण कुठल्या गटात, हे आधीच विचारायचं.

आपण मोजलेच गेलो नाही, तर आपलं दुखणं कुठल्या कागदावर येणार? सातबाऱ्यावर नाव नाही तर जमीन नाही, तसंच हे.

तर एवढं विचारा:

१. हा उपचार आहे की अभ्यास?
२. कागद आमच्या बोलीत, साक्षीदारासमोर वाचून दाखवणार का?
३. नाही म्हटलं तर दवाखान्यात औषध बंद होणार नाही ना?
४. काही बरंवाईट झालं तर उपचार आणि भरपाई कोण देणार?
५. निकाल सांगायला पाड्यावर कधी येणार?

हे विचारणं म्हणजे भांडण नाही, आपला हक्क आहे. आयसीएमआरचे २०१७ चे नियमही सांगतात, की पाड्याच्या पुढाऱ्याने होकार दिला तरी त्या बाईचा स्वतःचा होकार लागतोच. नवऱ्याने, पुढाऱ्याने, माझ्यासारख्या कार्यकर्तीनेही तुमच्या वतीने हो म्हणायचं नाही.

जमीन आपली, तसं अंगही आपलंच. जिंदाबाद!