ओळखीचा बाजार : कंत्राटी सॉफ्टवेअर-कामाच्या टंचाईविषयी

सॉफ्टवेअरच्या व्यवसायात नोकरदार आणि उद्योजक यांच्या मधोमध एक तिसरा वर्ग गेल्या पंचवीस-तीस वर्षांत उभा राहिला आहे, जो कोणत्याही कंपनीच्या हजेरीपटावर नसतो आणि स्वतःची कंपनी चालवतो असेही ज्याच्याबद्दल धड म्हणता येत नाही. ठरावीक काम, ठरावीक मुदत आणि ठरलेला दर एवढ्यावर करार करून जो प्रोग्रॅम लिहून देतो, त्याला व्यवहारात फ्रीलान्सर किंवा कंत्राटी डेव्हलपर म्हणतात. मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंपनीच्या पगारावर राहून तिच्या ग्राहकाकडे बसणारा अभियंता या वर्गात मोडत नाही. तोही ‘कॉन्ट्रॅक्टवर’ असल्याचे बोलले जात असले, तरी एक काम संपल्यावर दुसरे शोधण्याची जबाबदारी त्याच्या कंपनीची असते आणि मधल्या काळात तो ‘बेंचवर’, म्हणजे कामाविना पण पगारासह, थांबू शकतो. फ्रीलान्सरला बेंच नाही. पुण्यात, नाशकात, नागपुरात आणि आता तालुक्याच्या गावीही असे लोक आहेत, त्यांच्यापैकी अनेकांचे ग्राहक अमेरिकेत, ब्रिटनमध्ये आणि युरोपात आहेत, आणि २०२२ च्या उत्तरार्धापासून काम मिळत नाही ही त्यांची तक्रार वाढतच गेली आहे. निवृत्त वडिलांना मुलगा घरी बसून नेमके काय करतो हे आधीच नीट सांगता येत नव्हते. आता मुलालाही ते सांगणे अवघड झाले आहे. या तक्रारीची मंदी आणि कृत्रिम बुद्धिमत्ता ही दोन कारणे हमखास दिली जातात व ती खोटी नाहीत. तथापि काम जितके आटले त्याहून कामापर्यंत पोहोचण्याची वाट अधिक बिघडली आहे, असे या व्याख्यानाचे प्रतिपादन आहे.

रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने १९३७ मध्ये एका निबंधात वरकरणी साधा प्रश्न विचारला होता : बाजारात सर्व काही विकत मिळत असेल, तर मुळात कंपन्या असतात कशासाठी? त्याच्या उत्तराचा मथितार्थ असा की बाजारातून काही घेणे फुकट पडत नाही. योग्य माणूस शोधणे, त्याची पारख करणे, घासाघीस करणे, करार लिहिणे आणि तो पाळला जातो की नाही यावर नजर ठेवणे या सर्वांना खर्च येतो, ज्याला पुढे व्यवहारखर्च हे नाव मिळाले, आणि हा खर्च जिथे पगारी माणूस पदरी ठेवण्यापेक्षा जास्त होतो तिथे कंपनी उभी राहते. फ्रीलान्सरची जागा नेमकी या सीमेवर आहे. काम अचानक वाढले किंवा घरात नसलेले कौशल्य थोड्या दिवसांपुरते हवे असले की त्याला बोलावणे येते, आणि हात आखडता घ्यायची वेळ आली की सर्वांत आधी त्याचेच काम थांबते, कारण त्याला भरपाई द्यावी लागत नाही, नोटीस दिली तरी ती आठ-पंधरा दिवसांची असते आणि त्याची बातमी तर होतच नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटाने ११ हजार आणि जानेवारी २०२३ मध्ये गूगलने १२ हजार कर्मचारी कमी केल्याचे आकडे जगभर छापून आले. त्याच सुमारास ज्यांचे करार नुसते पुढे वाढवले गेले नाहीत, त्यांची गणती कोणी केली नाही. उलट नोकरी गेलेल्यांपैकी काही जण दुसरी मिळेपर्यंत याच कंत्राटी कामाच्या रांगेत येऊन उभे राहिले.

मागणी घटण्यामागे पैसा महाग होणे होते, हे उघड आहे. अमेरिकेची मध्यवर्ती बँक असलेल्या फेडरल रिझर्व्हने मार्च २०२२ पर्यंत शून्याच्या जवळ ठेवलेला व्याजदर जुलै २०२३ मध्ये सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर नेला, आणि गुंतवणूकदारांच्या स्वस्त भांडवलावर चालणारे स्टार्टअप, जे फ्रीलान्सरचे हक्काचे गिऱ्हाईक होते, खर्चाला कात्री लावू लागले. मात्र ज्याची चर्चा भारतात फारशी झाली नाही, असा एक बदल अमेरिकेच्या करकायद्यातील कलम १७४ मध्ये झाला, आणि तो इथे थोडा तपशिलाने पाहणे योग्य ठरेल. समजा, एका छोट्या अमेरिकन कंपनीने वर्षात १० लाख डॉलर मिळवले आणि तेवढेच सॉफ्टवेअर तयार करण्यावर खर्च केले. जुन्या नियमाने तिचा नफा शून्य आणि करही शून्य. २०१७ मध्ये मंजूर होऊन २०२२ पासून लागू झालेल्या नियमाने हा खर्च त्याच वर्षी पूर्ण वजा करण्याची मुभा काढून घेतली. देशात केलेला खर्च ५ वर्षांत आणि परदेशात केलेला १५ वर्षांत विभागून दाखवायचा व पहिल्या वर्षी अर्ध्याच वर्षाचा हिस्सा धरायचा, असे ठरले. परिणामी काम टेक्ससमध्ये झाले असेल तर पहिल्या वर्षी १ लाख डॉलर वजा होतात, तेच काम पुण्याहून करून घेतले असेल तर जेमतेम ३३ हजार, आणि उरलेल्या साडेनऊ लाखांहून अधिक रकमेवर, जी कंपनीच्या हातात शिल्लकच नाही, नफा म्हणून कर लागू होतो. जुलै २०२५ च्या कायद्याने देशांतर्गत खर्चाची पूर्ण वजावट परत आणली. परदेशी खर्चाची १५ वर्षे तशीच राहिली. पुण्यातील डेव्हलपरने दर कितीही कमी लावला, तरी ग्राहकाच्या हिशेबनिसाच्या कागदावर तो अशा रीतीने महाग ठरतो, आणि त्याला नकार येतो त्यात हे कारण कधीच लिहिलेले नसते.

एवढे असूनही काम पूर्ण आटलेले नाही, मग ते सापडत का नाही? इथे जॉर्ज अ‍ॅकरलॉफचा १९७० चा निबंध उपयोगी पडतो. जुन्या मोटारींच्या बाजारात गाडी चांगली की भंगार हे विकणाऱ्याला ठाऊक असते आणि घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सरासरी गाडीचा भाव देऊ करतो, त्या भावात चांगली गाडी विकणे परवडत नाही, चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात आणि उरलेल्यांचा दर्जा आणखी खालावतो, असे त्याने दाखवले. सॉफ्टवेअरचे काम याहूनही अपारदर्शक आहे, कारण प्रोग्रॅम चालतो की नाही हे दिसले तरी तो कसा लिहिला आहे हे ग्राहकाला सहा महिन्यांनी, दुरुस्ती करायची वेळ आल्यावरच कळते. १९९९ मध्ये सुरू झालेले ईलान्स, त्यानंतर आलेले ओडेस्क आणि या दोहोंच्या विलीनीकरणातून २०१५ पासून अपवर्क या नावाने चालणारे संकेतस्थळ यांनी विकलेली खरी वस्तू या अडचणीवरचा उतारा ही होती. अनोळखी ग्राहकाने अनोळखी माणसावर विश्वास ठेवावा म्हणून त्यांनी तारांकन, अभिप्राय, कामाच्या तासांची नोंद आणि ग्राहकाची रक्कम आधीच बाजूला काढून ठेवण्याची सोय दिली, आणि काही वर्षे हा उतारा लागूही पडला.

तो का निकामी झाला हे समजण्यासाठी अर्ज करण्याची प्रक्रिया जवळून पाहावी लागते. अपवर्कवर कामासाठी प्रस्ताव पाठवायचा तर ‘कनेक्ट’ नावाची टोकने खर्ची पडतात; २०१९ पासून ती प्रत्येकी १५ सेंटला विकत घ्यावी लागतात. एखाद्या कामाला १६ कनेक्ट लागत असतील तर एका अर्जाचे २ डॉलर ४० सेंट होतात, असे ४० अर्ज केले तर ९६ डॉलर, म्हणजे आठ हजार रुपयांच्या घरातील रक्कम, एकही उत्तर आले नाही तरी गेलेली असते. यादीत वर दिसण्यासाठी जादा कनेक्टची बोली लावता येते, ती निराळी. काम मिळालेच तर दलाली द्यायची, जी २०२३ मध्ये सरसकट १० टक्के झाली आणि २०२५ पासून कामागणिक शून्य ते १५ टक्के अशी बदलती आहे. सकाळी मजूर अड्ड्यावर उभ्या राहणाऱ्या गवंड्याला मुकादम ओळखत नसला, तरी त्याचे हात आणि अवजारे पाहतो, आणि अड्ड्यावर उभे राहण्याचे पैसे गवंड्याला द्यावे लागत नाहीत. या नव्या अड्ड्यावर उभे राहायलाही तिकीट आहे आणि हात मात्र कोणालाच दिसत नाहीत.

मायकेल स्पेन्स याने १९७३ मध्ये मांडलेला ‘संकेता’चा सिद्धान्त असा की एखादी खूण गुणवत्तेचा पुरावा तेव्हाच ठरते, जेव्हा ती मिळवणे गुणी माणसाला तुलनेने सोपे आणि इतरांना महाग पडते. ग्राहकाची गरज नीट वाचून, त्याच्या अडचणीवर दोन नेमकी वाक्ये लिहिणारा प्रस्ताव ही अशी खूण होती, कारण तशी दोन वाक्ये लिहायला विषय समजावा लागे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि ही खूण जवळजवळ फुकट झाली; विषय न समजणाऱ्याचा प्रस्तावही आता तितकाच मुद्देसूद असतो, तीच गत नमुन्यादाखल दाखवलेल्या प्रोग्रॅमची. ग्राहकाच्या पुढ्यात सारख्याच तोंडवळ्याचे प्रस्ताव येऊन पडतात आणि तो पहिले काही वाचून उरलेले सोडून देतो. कृत्रिम बुद्धिमत्तेने डेव्हलपरचे काम किती हिरावले यावर पुष्कळ वाद होतो. तिने डेव्हलपरची ओळख पटवण्याचे साधन हिरावले, हे नुकसान अधिक तातडीचे आहे. प्रामाणिकपणे तासभर खपून लिहिलेला प्रस्ताव या ढिगात हरवतो, आणि त्याचे कनेक्ट परत मिळत नाहीत.

असे झाल्यावर ग्राहक कुठे जातो? तो ओळखीच्यांना विचारतो. मार्क ग्रॅनोव्हेटर याने बॉस्टनजवळच्या न्यूटन या उपनगरातील व्यावसायिक व व्यवस्थापक वर्गाला नोकऱ्या कशा मिळाल्या याचा अभ्यास केला होता. ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली त्यांच्यापैकी जेमतेम १७ टक्के लोक त्या व्यक्तीला वरचेवर भेटत, बाकीच्यांची गाठ अधूनमधून किंवा क्वचितच पडे. जवळच्या मित्रांना माहीत असते ते आपल्यालाही माहीत असते, नवी बातमी दूरच्या परिचिताकडून येते, असा त्याने १९७३ मध्ये काढलेला निष्कर्ष आजही टिकून आहे. हिंजवडीत दहा वर्षे नोकरी करून मग फ्रीलान्सर झालेल्या माणसाचे जुने मॅनेजर आणि सहकारी एव्हाना न्यू जर्सीत, लंडनमध्ये, सिंगापुरात विखुरलेले असतात, आणि हीच दूरची माणसे त्याला आज तारतात. लातूर किंवा चंद्रपूरच्या तरुणाने सारे कौशल्य घरी बसून, संकेतस्थळांवरून शिकून मिळवलेले असते, त्याच्या गाठीला ही माणसे नसतात. अनोळखी असणे अडथळा ठरणार नाही हे या बाजाराचे मुख्य आश्वासन होते, आणि त्या आश्वासनावर सर्वाधिक विसंबलेला माणूसच आज सर्वांत आधी बाहेर फेकला जात आहे. गुणवत्तेला आपोआप गिऱ्हाईक मिळते, असे त्याला सांगणारे बहुतेक जण स्वतः ओळखीतून आलेले असतात, हे इथे नोंदवलेले बरे.

कायद्याची मदत या वर्गाला कागदावर बऱ्यापैकी आहे. १९६१ च्या आयकर कायद्यात २०१६ मध्ये घातलेल्या कलम ४४ एडीएने पात्र व्यावसायिकाला जमेच्या निम्मी रक्कम हेच उत्पन्न धरून कर भरण्याची सवलत दिली. सूक्ष्म उद्योग म्हणून ‘उद्यम’ नोंदणी केल्यास २००६ च्या कायद्यानुसार भारतीय ग्राहकाने जास्तीत जास्त ४५ दिवसांत बिल चुकते केले पाहिजे, न केल्यास बँक-दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. परंतु हा कायदा टेक्ससमधल्या ग्राहकापर्यंत पोहोचत नाही, आणि दीड हजार डॉलरच्या थकलेल्या बिलासाठी परक्या देशात वकील लावणे कोणालाच परवडत नाही. भारतीय ग्राहकाविरुद्ध तक्रार करता येते, पण ज्या धंद्यात पुढचे काम मागच्या ग्राहकाच्या शब्दावर मिळते तिथे ती केली जात नाही. ओळखीवर चालणाऱ्या बाजारात हक्क बजावण्याची किंमत ओळखीतच मोजावी लागते. न्यूयॉर्क शहराने २०१७ पासून ८०० डॉलर किंवा त्याहून अधिक रकमेच्या कामाला लेखी करार सक्तीचा केला आणि वेगळी तारीख ठरली नसेल तर काम संपल्यापासून ३० दिवसांत पैसे देण्याचे बंधन घातले, कारण तिथल्या फ्रीलान्सरांची रडही थकलेल्या बिलांचीच होती.

परदेशी वाट अरुंद होत असताना एक जवळची वाट मात्र रुंदावली आहे. जीएसटीखालील ई-इनव्हॉइस, म्हणजे विक्रीचे बिल सरकारी प्रणालीत नोंदवून त्याचा क्रमांक घेण्याची पद्धत, २०२० मध्ये ५०० कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना लागू झाली आणि टप्प्याटप्प्याने खाली येत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वरच्या उलाढालीपर्यंत आली. भोसरीतला वर्कशॉपवाला आणि इचलकरंजीतला यंत्रमागवाला त्या कक्षेत आले, आणि टॅलीतील नोंदी, गोदामाचा साठा व हे बिल यांची सांगड घालणारा छोटा प्रोग्रॅम त्यांना हवासा झाला. अशा कामाचा दर परदेशी दराच्या पासंगालाही पुरत नाही, मालक पैसे हप्त्याने देतो आणि प्रत्येक हप्त्याला एक नवी दुरुस्ती सांगतो; पण प्रोग्रॅम बसल्यावर वर्षाच्या देखभालीचा करार, म्हणजे एएमसी, होतो आणि तो सहसा मोडत नाही, कारण मालकाला नवा माणूस शोधण्याचा व्याप नको असतो. कोसने सांगितलेला व्यवहारखर्च इथे फ्रीलान्सरच्या बाजूने काम करतो. या कामांची जाहिरात होत नाही. मालक आणि डेव्हलपर यांची गाठ घालून देतो तो बहुधा गावातला चार्टर्ड अकाउंटंट, ज्याच्याकडे दोघांच्याही विवरणपत्रांची फाइल असते आणि जो याबद्दल दलाली मागत नाही, कारण विक्रीचे जीएसटी विवरणपत्र भरण्यासाठी गिऱ्हाइकाच्या नोंदी दर महिन्याच्या ११ तारखेच्या आत नीट हाती याव्यात यात त्याचाही स्वार्थ असतो.