किडीलाही चव कळते

(हिंगोली जिल्ह्यातील पंचायत सदस्य व शिक्षक यांच्यासमोर केलेल्या भाषणावरून)



थंडीत पहाटे हरभऱ्याच्या शेतातून चालले की पायांना आंब झोंबते. पानांवरील केसांतून पाझरणारी ही आम्ले होत. त्यांतील ऑक्झॅलिक आम्लाने घाटेअळीची वाढ खुंटते. तरीही ती हरभरा सोडीत नाही. लहानपणी ती कोवळी पाने खरवडते आणि मोठी झाली की घाट्यात डोके खुपसून दाणा फस्त करते.

कीड समोर येईल ते खात सुटते, हा समज खरा नाही. टोळाच्या तोंडावर व पायांवर सूक्ष्म केस असतात. त्यांच्या टोकाशी असलेल्या छिद्रातून त्याला चव कळते. 1980 च्या दशकात ऑक्सफर्ड येथे झालेल्या प्रयोगांत असे आढळले की, प्रथिने कमी पडली म्हणजे टोळाच्या रक्तातील ॲमिनो आम्ले घटतात आणि तोंडावरील केस त्याच आम्लांच्या चवीला अधिक तीव्रतेने प्रतिसाद देऊ लागतात. शरीरात जे उणे, त्याचीच रुची वाढते.

यातून आपण काय घ्यावे? कपाशीला युरिया सढळ हाताने दिला की पाला लुसलुशीत होतो, रसातील नत्रयुक्त द्रव्ये वाढतात आणि मावा-तुडतुड्यांचे फावते. शेतकरी आधी खताला पैसे मोजतो, मग फवारणीला. म्हणून मातीपरीक्षणानुसारच नत्राची मात्रा द्यावी.

किडीच्या या रुचीचाच उपयोग तिच्याविरुद्धही होतो. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील डॉ. एस. प्रधान व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1962 मध्ये दाखवून दिले की, निंबोळीचे पाणी फवारलेल्या पिकावर टोळ उतरले तरी ते पाला खात नाहीत. निंबोळीतील ॲझॅडिरॅक्टिन हे द्रव्य त्यांना नकोसे होते.

पाच किलो निंबोळीचा भरडा रात्रभर पाण्यात भिजवावा, सकाळी गाळून त्याचे शंभर लिटर द्रावण करावे. हा पाच टक्के अर्क झाला. अळ्या लहान असतानाच तो सायंकाळी फवारावा. अळी घाट्यात शिरल्यावर त्याचा उपयोग राहत नाही.

पावसाळ्याच्या आरंभी गावोगावी निंबोळ्यांचा सडा पडतो आणि मातीत जातो. ग्रामपंचायतीने त्या वेचून, सुकवून ठेवण्याची व्यवस्था करावी. शिक्षकांनी मुलांच्या हाती भिंग देऊन त्यांना शेताच्या बांधावर न्यावे. अळी काय खाते आणि काय टाळते, हे ज्या मुलाने डोळ्यांनी पाहिले, तो उद्या डोळे मिटून फवारणी करणार नाही.