झोप चांगली होतेय वाटतं

 

आज आपण ग्वारीघाटाच्या पायऱ्यांवर बसून बोलतोय. संध्याकाळच्या आरतीला अजून अवकाश आहे. मधेच एखादा नावाडी ओरडला तर सांभाळून घ्या, त्याचा धंद्याचा वेळ आहे.

मी प्लास्टिक सर्जन आहे. जबलपूरच्या मराठी घरातला, त्यामुळे माझ्या बोलण्यात हिंदी डोकावेल. लोक मला पहिला प्रश्न विचारतात, ‘डॉक्टर, तुम्ही आत प्लास्टिक भरता का?’ नाही हो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ घडवणं, ओल्या मातीला आकार द्यावा तसा. आणि आपल्याकडे हे काम खरोखरच एका कुंभारानं केलं होतं.

कावसजी नावाचा एक मराठी बैलगाडीवान इंग्रजांच्या फौजेबरोबर होता. 1792 च्या लढाईत तो टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या एका विटा पाडणाऱ्या कारागिरानं त्याला नवं नाक करून दिलं. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये ऑक्टोबर 1794 मध्ये ती हकीकत चित्रासकट छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज सर्जननं आधी मृतदेहांवर सराव केला आणि 1814 मध्ये लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली. कपाळाची कातडी वळवून नाक करण्याची ही पद्धत आजही आम्ही वापरतो.

मला त्या हकीकतीतला मेणाचा भाग सगळ्यात आवडतो. कारागिरानं कातडीला हात लावण्याआधी नाकाच्या थोटकावर मेणाचा पातळ थर बसवला आणि चांगलं दिसेल असं नाक घडवलं. पटेपर्यंत घडवलं. मग ते मेण सपाट केलं, कपाळावर ठेवलं, कडेनं रेघ मारली आणि तेवढीच कातडी सोडवली. भुवयांच्या मधे एक देठ ठेवला, रक्त चालू राहावं म्हणून. तो सुमारे पंचविसाव्या दिवशी कापला. म्हणजे आधी त्या माणसाच्या चेहऱ्यावर विचार, नंतर सुरी.

मी हे उलटं केलं होतं. ते सांगतो.

नवा होतो तेव्हा. तेवीस वर्षांची मुलगी आली. स्थळं येत होती, आणि नाकाच्या मधोमध उंचवटा. तिनं मोबाईलवर एका नटीचा फोटो दाखवला. मी मापं घेतली, उंचवटा घासला, टोक जरा वर उचललं. टेबलावर अप्रतिम दिसत होतं. मी सहकाऱ्यांना फोटो दाखवले, खोटं कशाला बोलू.

नाकाची सूज पूर्ण उतरायला वर्ष लागतं. वर्षानं ती वडिलांबरोबर आली. वडील म्हणाले, ‘डॉक्टरसाहेब, नाक छान झालंय. पण ते माझ्या आईचं होतं.’ मुलगी गप्प. मग हळूच म्हणाली, ‘आरशात बघायची सवयच होत नाही.’ कानाची कूर्चा घेऊन उंचवटा परत बांधता येतो, ते मी सांगितलं. ती म्हणाली, ‘ते आजीचं थोडंच होणार?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. श्वास उत्तम, टाका दिसत नाही, वैद्यकीय दृष्ट्या चूक एकही नाही. आणि तरी चुकलं होतं.

तेव्हापासून मी पेशंटला नटीचा नाही, घरच्यांचा फोटो आणायला सांगतो. आई, आत्या, मावशी आणि स्वतःचा पंचविशीतला. काही जण वैतागतात. ‘अल्बम सासरी नाही,’ म्हणतात. मी म्हणतो, मागवा, मला घाई नाही. त्या फोटोंतून कळतं की काय वयानं आलंय आणि काय जन्माचं आहे. जन्माचं असेल तिथं मी फार जपून हात घालतो.

आणि नवऱ्याला किंवा होणाऱ्या सासूला हवं म्हणून कोणी आलं, तर मी करत नाही. त्यावर चर्चा नाही.

आता कामातली एक गोष्ट. माणूस आडवा झाला की चेहरा बदलतो. गाल कानाकडे सरकतात, पापणीचा भार कमी दिसतो. म्हणून खुणा मी पेशंटला समोर बसवून करतो. वरच्या पापणीची कातडी काढताना भुवई आणि पापणीच्या केसांमध्ये सुमारे वीस मिलिमीटर कातडी उरलीच पाहिजे. नाहीतर डोळा नीट मिटत नाही, कोरडा पडतो. चेहऱ्याचंही तसंच. नुसती कातडी ताणली की माणूस वादळात उभा असल्यासारखा दिसतो आणि कानाची पाळी खाली ओढली जाते. म्हातारपण फक्त कातडीत नसतं. आतली चरबी ओसरते, हाडही झिजतं. आपल्याकडच्या पुष्कळ नाकांची कातडी जाड असते. आतला सांगाडा कितीही नाजूक कोरला तरी बाहेर दिसत नाही, आणि फार कोरला तर आधार जाऊन नाक बसतं. हे पेशंटला आधी सांगावं लागतं. सांगितल्यावर काही जण दुसऱ्या डॉक्टरकडे जातात. जाऊ देत.

दोनेक वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षिका आल्या. म्हणाल्या, ‘मी थकलेली दिसते हो, पण मी थकलेली नाहीये. सगळे मला बसा, बसा म्हणतात.’ मला ही तक्रार फार नेमकी वाटली. फोटो पाहिले. तरुणपणीही त्यांच्या पापण्या जरा जड होत्या, आईच्याही. म्हणून सगळी कातडी काढली नाही, थोडी जडता मुद्दाम ठेवली. चरबी जवळजवळ सोडूनच दिली. त्यांना आधी वाटलं, डॉक्टरनं पैशाच्या मानानं काम कमी केलं. तसं बोलूनही दाखवलं.

चार महिन्यांनी त्या दवाखान्यात आल्या त्या हसतच. याच घाटावर आरतीला आल्या होत्या. नणंद शेजारी उभी, हातात दिव्याचा द्रोण. नणंदेनं बराच वेळ निरखलं आणि म्हणाली, ‘वहिनी, हल्ली झोप चांगली होतेय वाटतं.’ या म्हणाल्या, ‘हो, उशी बदलली.’

मी विचारलं, ‘आता पैसे वसूल झाले का?’ तर म्हणाल्या, ‘झाले, पण कोणाला सांगता येत नाही ना, त्याचंच वाईट वाटतं.’

आरतीवाले आले बघा, दिवे लावतायत. आपण जागा सोडू या त्यांना.