सातशे बावीस आणि पाचशे एकतीस

श्रोतेहो, महिन्यातल्या एका रविवारी सकाळी आम्ही सात-आठ जण एका मित्राच्या अंगणात जमतो. सगळे जुन्या गाड्यांचे वेडे. कुणाकडे जीप, कुणाकडे लँडमास्टर, आणि माझ्याकडे वडिलांची, कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली फियाट. आधी चहा होतो, मग बॉनेट उघडली जातात आणि तेलाचे हात पुसता पुसता आमची प्रश्नमंजूषा सुरू होते. प्रश्न विचारायचं काम माझ्याकडे. "२०२२ साली साडेतेरा कोटी युरोंना विकली गेली ती गाडी कोणती?" असं विचारायचा अवकाश, चार तोंडांतून एकदम उत्तर येतं, "मर्सिडीज ३०० एसएलआर कूपे!"

बाहेरच्या माणसाला हा पोरखेळ वाटेल. घरच्यांना तर वाटतोच. "हे पाठ करून मिळतं काय?" असं बायको विचारते, तेव्हा माझ्याकडे उत्तर नसतं.

माझा आवडता प्रश्न ठरलेला होता. स्टर्लिंग मॉसच्या गाडीवर ७२२ हा आकडा का होता?

ही गोष्ट इटलीतली. तिथे १९२७ साली 'मिले मिलिया' नावाची शर्यत सुरू झाली. मिले मिलिया म्हणजे हजार मैल. ब्रेशिया शहरातून निघायचं, रोमपर्यंत जायचं आणि परत ब्रेशियाला यायचं. जवळजवळ १,६०० किलोमीटर, आणि तेही नेहमीच्या रस्त्यांवरून, गावागावांतून. छोट्या गाड्या आदल्या रात्रीच सुटायच्या, मोठ्या गाड्या सकाळी. आमच्या फियाट ११०० ची भावंडंही या शर्यतीत धावली आहेत, हे मी मोठ्या अभिमानाने सांगत असतो. तर गाडी ज्या वेळेला सुटणार, तोच तिचा क्रमांक. १ मे १९५५ रोजी मॉस सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी निघाला, म्हणून ७२२.

मॉस तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. शेजारी बसला होता डेनिस जेनकिन्सन, चणीने लहान, दाढीवाला पत्रकार. दोघांनी आधी तो सगळा रस्ता पुन्हा पुन्हा पालथा घातला होता. कुठे वळण, कुठे चढाव, कुठे रेल्वेचं फाटक, हे सारं जेनकिन्सनने पंधरा फुटांहून लांब कागदावर लिहिलं आणि त्याची गुंडाळी एका डबीत बसवली. गाडी धावत असताना तो कागद पुढे सरकवायचा आणि हाताच्या खुणांनी मॉसला पुढचं वळण सांगायचा. इंजिनाच्या आवाजात दुसरा इलाज नव्हता. दहा तास, सात मिनिटं, अठ्ठेचाळीस सेकंद! सरासरी वेग ताशी १५७ किलोमीटरच्या वर. ती वेळ नंतर कुणालाही गाठता आली नाही.

पुढच्या टेकाडापलीकडे काय आहे हे दिसत नसताना मॉस केवळ शेजारच्या माणसाच्या हाताकडे बघून वेग कायम ठेवत होता. हे सांगताना माझा आवाज नेहमी चढायचा.

दोन वर्षांपूर्वी मी असाच रंगात आलो होतो. आमच्यात एक वयस्कर मिस्त्रीकाका आहेत. सारं आयुष्य गॅरेजमध्ये गेलेलं, बोलणं कमी. त्यांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "७२२ झालं. आता ५३१ कोणाचा ते सांग."

मला सांगता येईना. कुणालाच सांगता येईना.

घरी येऊन पुस्तकं काढली. क्रमांक ५३१ ही फेरारी. १२ मे १९५७ च्या मिले मिलियात ती पहाटे ५ वाजून ३१ मिनिटांनी सुटली होती. चालक स्पेनचा उमराव अल्फोन्सो द पोर्तागो, शेजारी एडमंड नेल्सन. रोमला गाडी थांबली तेव्हा अभिनेत्री लिंडा ख्रिश्चनने पोर्तागोचं चुंबन घेतलं. ते छायाचित्र जगभर गाजलं आणि मला ते चांगलं ठाऊक होतं. त्याच गाडीचा क्रमांक मात्र मी कधी वाचलाच नव्हता. ब्रेशिया जवळ आलं असताना, ग्विदित्सोलो गावापाशी सरळ रस्त्यावर गाडीचा टायर फुटला आणि ती कडेच्या लोकांत घुसली. पोर्तागो आणि नेल्सन गेले. रस्त्याकडेला उभे असलेले नऊ जण गेले. त्यांतली पाच मुलं होती.

एन्झो फेरारींवर खटला चालला. १९६१ मध्ये ते निर्दोष सुटले. पण हजार मैलांची ती वेगाची शर्यत त्या दिवशी संपली ती कायमची. १९७७ पासून त्याच नावाने जुन्या गाड्यांची फेरी निघू लागली, पण तिथे वेगापेक्षा वेळ अचूक पाळण्याला महत्त्व असतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी दहा-अकरा वर्षांचा असताना घाटातून मोटारींची रॅली जाणार होती. वडील मला घेऊन गेले. मला वळणाच्या अगदी तोंडाशी उभं राहायचं होतं, कारण तिथूनच गाडी उत्तम दिसते. वडिलांनी दंड धरून मला ओढत वर दरडीवर नेलं. तिथून गाड्या काडेपेटीएवढ्या दिसल्या. मी दिवसभर त्यांच्याशी बोललो नाही. परतताना फियाटमध्ये मागच्या सीटवर तोंड फिरवून बसलो होतो. ग्विदित्सोलोची ती पाच मुलंही गाडी जवळून दिसावी म्हणूनच तिथे उभी असतील ना? वडील आज नाहीत. "बाबा, तुमचं बरोबर होतं" हे सांगायचं राहून गेलं.

पुढच्या महिन्यात मी मिस्त्रीकाकांना उत्तर दिलं. ते एवढंच म्हणाले, "पहिल्या आलेल्याचा नंबर सगळ्यांना पाठ असतो रे."

तेव्हापासून मी प्रश्न बदलला आहे. आता विचारतो, ७२२ मध्ये न बसलेला तिसरा माणूस कोण? उत्तर आहे जॉन फिच. हा अमेरिकन चालक. कागदाच्या गुंडाळीची कल्पना त्याने आणि जेनकिन्सनने मिळून काढली होती. पण मॉसला जिंकायची संधी अधिक आहे हे ओळखून त्याने जेनकिन्सनला मॉसकडे जाऊ दिलं. सहाच आठवड्यांनी, ११ जून १९५५ ला, ल माँच्या शर्यतीत फिचचा जोडीदार पिएर लव्हेग याची गाडी प्रेक्षकांत कोसळली. लव्हेग गेला आणि ऐंशीहून अधिक प्रेक्षक गेले. पुढची पाळी फिचची होती.

फिच ते विसरला नाही. युद्धात वैमानिक असताना त्याने विमानांच्या गोळ्यांपासून तंबू वाचवायला वाळूने भरलेले डबे रचले होते. त्याच आठवणीतून त्याने वाळूच्या पिंपांचा अडथळा तयार केला. पुढच्या पिंपांत वाळू कमी, मागच्यांत जास्त, म्हणजे आदळणारी गाडी हळूहळू थांबते आणि आतला माणूस वाचतो. अमेरिकेच्या महामार्गांवर पुलांच्या खांबांपुढे ही पिंपं उभी राहिली. त्यांना फिचचंच नाव आहे.

गेल्या रविवारी हा प्रश्न एका मित्राच्या मुलाला विचारला. त्याने उत्तर ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, त्या पिंपांमुळे किती जण वाचले?"

न झालेल्या अपघाताला क्रमांक नसतो, श्रोतेहो. मी त्याला म्हटलं, "ते मोजता येत नाही बाळा. पण त्यांतला एखादा तुझ्याएवढा नक्की असेल."