मंदिर गावाचे, गाव सर्वांचे



विठुरायाच्या मंदिरावर कळस चढला. आजचा दिवस आनंदाचा आहे. अशा दिवशी एका साध्या प्रश्नाचा विचार व्हावा. माणूस गावाचा होतो म्हणजे नेमके काय होते?

सातबाऱ्यावर नाव लागले की जमीन नावावर होते. रेशनकार्डावर नाव चढले की माणूस कुटुंबात धरला जातो. हजेरीपटावर नाव आले की महिन्याचा पगार सुरू होतो. परंतु माणूस गावाचा झाला, असा उतारा कोणत्याही दप्तरात मिळत नाही. तो गावकऱ्यांच्या वागणुकीतच वाचावा लागतो.

संत चोखामेळा यांचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. विठ्ठलावर त्यांची केवढी निष्ठा! तरीही हयातभर त्यांना मंदिरात पाऊल टाकता आले नाही. मंगळवेढ्यास गावकुसाचे बांधकाम चालू असता भिंत कोसळली आणि तीखाली त्यांचा अंत झाला. परंपरेप्रमाणे ते साल १३३८. नामदेव महाराजांनी त्यांच्या अस्थी पंढरीस आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली, असे परंपरा सांगते. ज्याच्या हातांनी गावाची भिंत उभी केली, त्याला त्याच गावात कुसाबाहेर राहावे लागले. गावाला त्याचे श्रम चालले, पण तो स्वतः चालला नाही.

पुढे सहाशेंहून अधिक वर्षे गेली. साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा करून लोकमत जागे केले, आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरास तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण आरंभिले. दहाव्या दिवशी, १० मे रोजी, मंदिर सर्वांस खुले करण्याचे ठरले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या राज्यघटनेच्या १७व्या कलमाने तर अस्पृश्यताच नष्ट केली.

कायद्याने दार उघडते, ही काही लहान गोष्ट नव्हे. परंतु आत आलेल्या माणसास 'या, बसा' म्हणण्याचे काम कायदा करू शकत नाही. ते शेजारी बसलेल्यानेच करावयाचे असते.

कचेरीत, कारखान्यात आणि शाळेतही हेच दिसून येते. बदलून आलेला ग्रामसेवक किंवा नवा शिक्षक वर्षानुवर्षे 'बाहेरचा'च राहतो. त्याच्याकडून काम घेतात, पण चहाला बोलवावयास विसरतात. ज्या दिवशी कोणी त्याला 'तुमचे मत काय?' असे विचारतो आणि त्याच्या मताप्रमाणे एखादी गोष्ट बदलते, त्या दिवशी तो तेथला होतो. नुसत्या खुर्चीने ते होत नाही.

याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. आपलेपणा नुसता मागून मिळत नाही, तो कष्टाने जोडावाही लागतो. गाडगे महाराज गावात आले की प्रथम झाडू हाती घेत आणि रात्री कीर्तन करीत. जन्म अमरावती जिल्ह्यातला, पण महाराष्ट्रातील कोणत्या गावाने त्यांना परके मानले? ज्या गावाची घाण त्यांनी काढली, ते गाव त्यांचे झाले.

आता या मंदिराकडे पाहू. मुंबई-पुण्यास पोटासाठी गेलेल्या मंडळींनी पगारातून रक्कम पाठविली. सासरी नांदणाऱ्या लेकींनी माहेरच्या देवासाठी वर्गणी दिली. त्यांची नावे संगमरवरी फलकावर कोरली जातील, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्यांनी वाळूच्या पाट्या वाहिल्या, स्लॅबच्या दिवशी पाणी भरले, गवंड्यांना भाकरी पोचविली, त्यांच्याजवळ देण्यास पैसा नव्हता. त्यांनी अंग मोडून दिले. त्यांचे नाव कोठे लागणार? फलकाच्या शेवटी 'समस्त श्रमदान करणारे ग्रामस्थ' एवढी ओळ तरी अवश्य असावी.

त्याहून महत्त्वाच्या गोष्टी तीन. महाप्रसादाची पंगत एकच असावी, आधी कोण आणि मागून कोण हा भेद नसावा. पालखीला खांदा देण्याचा मान आळीपाळीने प्रत्येक वस्तीस मिळावा. आणि उद्या देवस्थानचा हिशोब वाचला जाईल तेव्हा मागच्या रांगेतल्या माणसालाही प्रश्न विचारण्याची मुभा असावी. विचारणाऱ्यास 'तुझी वर्गणी किती?' असे कोणी म्हणू नये.

जुन्या मंदिराचे दगड निखळले होते, ते बसविले. माणसामाणसांतले निखळलेले दगड बसविणे अद्याप बाकी आहे. त्याला सिमेंट लागत नाही, फक्त शेजारी थोडी जागा करून द्यावी लागते. ती जागा ज्या दिवशी सर्वांना मिळेल, त्या दिवशी जीर्णोद्धार पुरा झाला असे समजावे.

रामकृष्ण हरी!